उंदराच्या पीतक कोशातील व वारेतील ग्राही : फोलेट आणि ब-१२ जीवनसत्त्वांचा गर्भापर्यंतचा प्रवास

चोपडा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे आणि दक्षिणेस तापीचे पात्र आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळी व कापूस पिकतो. डोंगराच्या पायथ्याशी आणि आतल्या पाड्यांवर पावरा, भिल्ल व तडवी समाजांची वस्ती आहे. या दोन्ही भागांतील राहणीत व आहारात बरेच अंतर असले, तरी गर्भवती स्त्रीला आरोग्य केंद्रातून मिळणारी लाल गोळी मात्र एकच असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते आणि ती गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यावयाची असते.

मातेने गिळलेली गोळी गर्भापर्यंत पोहोचते, हे आपण सहज गृहीत धरतो. परंतु ती आपोआप पोहोचत नाही. फोलेटचा रेणू पाण्यात विरघळणारा व विद्युत्भारित असल्यामुळे पेशीच्या स्निग्ध आवरणातून तो नुसता झिरपून पलीकडे जाऊ शकत नाही. त्याला धरून आत घेणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असावे लागते. अशा प्रथिनास ग्राही म्हणतात. तेव्हा माता आणि गर्भ यांच्यामधील कोणत्या पडद्यावर, गर्भधारणेच्या कोणत्या दिवशी, कोणता ग्राही उपस्थित असतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा राहत नाही. गोळी केव्हा द्यावयाची, या प्रश्नाशीच तो येऊन भिडतो. याविषयीचे आजचे पुष्कळसे ज्ञान उंदरावरील संशोधनातून मिळालेले आहे. ते कितपत आणि कोणत्या अर्थाने मानवास लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईतील पूर्वपीठिका

या विषयाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इ. स. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्लिश वैद्यक-संशोधिका मुंबईस आली आणि हाफकिन संस्थेत राहून गर्भवती स्त्रियांत आढळणाऱ्या एका तीव्र पांडुरोगाचा अभ्यास करू लागली. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटतात, पण आकाराने वाढतात. ज्या गरीब स्त्रियांच्या आहारात भाज्या, फळे व दूध यांचा अभाव होता, त्यांच्यात हा रोग विशेष दिसे. विल्स यांनी प्रथम उंदरांवर व नंतर माकडांवर आहाराचे प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये असे प्रसिद्ध केले की यीस्टचा अर्क दिला असता हा पांडुरोग बरा होतो. त्या अर्कातील गुणकारी घटक तेव्हा अज्ञात होता. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला, पानावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले आणि १९४५ मध्ये त्याची कृत्रिम घडण साध्य झाली.

विल्स यांच्यापुढील प्रश्न मातेच्या रक्ताचा होता. गर्भाचा प्रश्न पुढे आला तो त्यानंतर. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. ज्या स्त्रियांना पूर्वी मज्जानलिकेत दोष असलेले अपत्य झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक आम्ल दिले असता त्या दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळली. या निष्कर्षाचा गाभा ‘गर्भधारणेच्या आधीपासून’ या शब्दांत आहे. मानवी गर्भाची मज्जानलिका फलनानंतर सुमारे २८ दिवसांत पूर्णपणे मिटते. पाळी चुकल्याचे स्त्रीच्या ध्यानात येते तेव्हा त्यांपैकी १४ दिवस होऊन गेलेले असतात. चौथ्या महिन्यात सुरू होणारी गोळी मातेच्या रक्तासाठी मोलाची आहे, पण मज्जानलिकेच्या दृष्टीने ती फार उशिरा येते. मग त्या पहिल्या चार आठवड्यांत गर्भाचे पोषण कोण करते? वार तर तेव्हा पुरती तयारही झालेली नसते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधकांची दृष्टी पीतक कोशाकडे वळली.

उंदराचा पीतक कोश

पक्ष्याच्या अंड्यात पीतक कोश म्हणजे बलकाभोवतीचे आवरण. त्यातील अंतःस्तराच्या पेशी बलक पचवून गर्भास पुरवितात. सस्तन प्राण्यांच्या अंड्यात बलक जवळजवळ नसतो, तरीही पीतक कोश नाहीसा झालेला नाही. उंदरात तर त्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. गर्भाच्या प्रारंभीच्या दिवसांत तेथे जननस्तरांचे उलटापालट होते आणि कोशाचा अंतःस्तर, जो पक्ष्यात बलकाकडे म्हणजे आत वळलेला असतो, तो बाहेरच्या बाजूस, गर्भाशयाच्या भिंतीकडे तोंड करून राहतो. या थरास आंतरांगी पीतक कोश म्हणतात. त्याच्याही बाहेर भित्तीय पीतक कोश असतो. राइखर्टचे आवरण नावाचा जाड पडदा या बाहेरच्या कोशाचाच भाग होय. भित्तीय कोश गर्भारपणाच्या अखेरच्या दिवसांत, सुमारे सोळाव्या-सतराव्या दिवशी, विदीर्ण होतो. आंतरांगी कोश मात्र जन्मापर्यंत टिकतो. उंदराचे गर्भारपण १९ ते २० दिवसांचे असते, हे लक्षात घेता तो आपले काम जवळजवळ सर्व काळ करीत असतो असे म्हणावयास हरकत नाही.

येथे दिवसांचा क्रम नीट पाहिला पाहिजे. उंदरात मज्जानलिका मिटण्यास साडेआठव्या दिवसाच्या सुमारास प्रारंभ होतो आणि दहाव्या दिवसाच्या आसपास ती पूर्ण मिटते. अपरापोषिका जरायूला जाऊन मिळते तीही साधारण साडेआठव्या-नवव्या दिवशी. त्यानंतर वारेचा चक्रव्यूहासारखा भाग घडू लागतो आणि दहाव्या दिवसानंतर मातेच्या व गर्भाच्या रक्तातील देवघेव तेथे खऱ्या अर्थाने सुरू होते. म्हणजेच मज्जानलिका मिटत असताना उंदराच्या गर्भास वारेचा आधार नसतो. त्या अवधीत त्याच्या पोषणाचा भार प्रामुख्याने आंतरांगी पीतक कोशावर असतो.

हा भार तो कसा वाहतो, याचे पहिले गमक एका रंगद्रव्याने दिले. १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील गिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गाभण उंदरांच्या मादीस ट्रिपान ब्लू हे रंगद्रव्य टोचले असता पिलांत जन्मजात व्यंगे निर्माण होतात. आश्चर्य असे की, हा रंग प्रत्यक्ष गर्भात उतरत नाही. तो पीतक कोशाच्या पेशींत साठून राहतो. पुढे असे स्पष्ट झाले की, या पेशी मातेकडील प्रथिने सगळीच्या सगळी गिळतात, लायसोसोम या पेशीतील पचनकोशांत त्यांचे विघटन करतात आणि त्यातून सुटलेली अमिनो आम्ले गर्भास देतात. रंगद्रव्यामुळे हे कार्य बिघडते आणि गर्भाची उपासमार होते. १९६१ मध्ये रॉबर्ट ब्रेंट यांनी अमेरिकेत आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदविली. उंदराच्या मूत्रपिंडाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे गाभण मादीस दिली, तरीही पिलांत व्यंगे निर्माण झाली. मूत्रपिंडाचा गर्भाच्या पोषणाशी काय संबंध असावा, हे कोडे तीन दशके टिकले. त्याचा उलगडा ग्राहींच्या शोधाने झाला. मूत्रपिंडाच्या नलिकांत आणि पीतक कोशाच्या अंतःस्तरात काही ग्राही सारखेच असतात. त्यांतील एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दोन्ही ठिकाणी जाऊन बसत होती. त्या ग्राहीचे नाव क्यूबिलिन.

फोलेटचा ग्राही

फोलेटला पेशीत नेणाऱ्या यंत्रणा मुख्यतः तीन आहेत. पहिली, फोलेट-ग्राही आल्फा. हे प्रथिन एका स्निग्ध शेपटीने पेशीच्या पृष्ठभागास जोडलेले असते आणि रक्तातील फोलेटच्या प्रमुख रूपास, म्हणजे ५-मेथिल-टेट्राहायड्रोफोलेटास, अत्यल्प तीव्रतेतही घट्ट धरते. ग्राही व फोलेट ही जोडी पेशीच्या आवरणाच्या खळग्यात ओढली जाऊन आत जाते. दुसरी, क्षपित-फोलेट वाहक. याची पकड सैल असते, पण वेग मोठा असतो. तिसरी, प्रोटॉन-सहचर वाहक. ही आम्लधर्मी वातावरणात काम करते. आत आलेल्या आम्लधर्मी पिशवीतून फोलेट पेशीद्रवात सोडण्याचे कामही तिच्याकडे असते असे मानतात.

या तिन्हींपैकी कोणाचे महत्त्व किती, हे ठरविण्याचा उपाय म्हणजे एकेक जनुक निकामी करून पाहणे. १९९९ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी फोलेट-ग्राही आल्फाचे जनुक नसलेले उंदीर निर्माण केले. असे गर्भ दहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातच मरतात. परंतु मातेस फोलिनिक आम्ल पुरेशा मात्रेत दिले असता त्यांपैकी काही गर्भ वाचून जन्मास येतात. त्याच संशोधनात, जवळच्याच दुसऱ्या फोलेट-ग्राहीचे जनुक काढून टाकले असता पिलांवर काहीच दृश्य परिणाम झाला नाही. २००१ मध्ये क्षपित-फोलेट वाहकाचे जनुक नसलेले गर्भही जगत नाहीत असे आढळले. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी आपोआप तिची जागा घेईलच असे नाही. मात्र बाहेरील पुरवठा पुष्कळ वाढविला तर अडलेली वाट काही अंशी ओलांडता येते.

फोलेट-ग्राही आल्फाची अभिव्यक्ती कोठे होते, हे पाहिले असता ती पीतक कोशाच्या अंतःस्तरात आणि मिटण्याच्या बेतात असलेल्या मज्जाघड्यांत दिसते. म्हणजे फोलेट मिळविण्याचे दार कोशावर आहे, आणि मिळालेले फोलेट जेथे सर्वाधिक हवे तेथेही तेच दार आहे. मज्जाघड्यांतील पेशी या काळात झपाट्याने विभागत असतात आणि प्रत्येक विभाजनास नवे डीएनए घडवावे लागते. त्याचा कच्चा माल फोलेटशिवाय तयार होत नाही.

ग्राहीवर प्रतिपिंडांचा हल्ला झाला तर काय होते, हाही प्रश्न अभ्यासिला गेला आहे. २००३ मध्ये गाभण उंदरांच्या मादीस फोलेट-ग्राहीविरोधी रक्तरस दिला असता गर्भ नष्ट होतात असे दिसले. २००४ मध्ये मज्जानलिकेचे दोष असलेली अपत्ये झालेल्या १२ मातांपैकी ९ जणींच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आढळली, तर तुलनेच्या २० स्त्रियांत ती केवळ दोघींत होती. परंतु २००९ मध्ये आयर्लंडमधील मोठ्या समूहाच्या अभ्यासात असा संबंध सापडला नाही. उंदरातील कार्यकारणभाव कितीही स्पष्ट असला, तरी मानवी रोगाचे कारण म्हणून तो मांडण्यापूर्वी स्वतंत्र पुरावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

ब-१२ जीवनसत्त्वाचे ग्राही

फोलेट पेशीत पोहोचले म्हणजे काम संपले असे नाही. रक्तातून आलेले फोलेट मेथिल-रूपात असते. त्यावरील मेथिल गट उतरविल्याशिवाय ते डीएनएच्या घडणीत उपयोगी पडत नाही, आणि हा गट उतरविणाऱ्या एन्झाइमास ब-१२ जीवनसत्त्व लागते. ब-१२ अपुरे असेल तर फोलेट पेशीत असूनही मेथिल-रूपात अडकून पडते. यास ‘मेथिल सापळा’ म्हणतात. कोठारात धान्य आहे, पण जाते बंद आहे, अशी ही अवस्था होय. म्हणून फोलेट-ग्राहीचा विचार ब-१२ च्या ग्राहींवाचून अपुरा राहतो.

ब-१२ रक्तात ट्रान्सकोबालमिन या वाहक प्रथिनाशी बांधलेले असते. बहुतेक पेशींत या जोडीस आत घेणारा ग्राही सीडी-३२० या नावाने ओळखला जातो. त्याची ओळख २००९ मध्ये पटली. हा ग्राही नसलेले उंदीर जन्मास येतात व वाढतात. त्यांच्या मेंदूत ब-१२ ची तीव्र उणीव असली तरी गर्भावस्था ते पार करतात. तेव्हा गर्भापर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट असली पाहिजे. तिचा प्रबळ दावेदार म्हणजे पीतक कोशावरील मेगॅलिन. मेगॅलिन हा प्रचंड आकाराचा, अनेक रेणूंना धरणारा ग्राही असून तो ट्रान्सकोबालमिनासह ब-१२ आत घेतो, हे मूत्रपिंडाच्या पेशींत १९९६ मध्येच सिद्ध झाले होते. २०१४ मध्ये विकसनशील मज्जानलिकेत फोलेट आत घेण्याशीही मेगॅलिनचा संबंध असल्याचे दाखविण्यात आले. मेगॅलिनच्या शेजारी क्यूबिलिन असतो. क्यूबिलिनला स्वतःची शेपटी पेशीच्या आवरणात रोवता येत नाही. त्यासाठी त्याला अ‍ॅम्निअनलेस या प्रथिनाची सोबत लागते.

या शेवटच्या प्रथिनाच्या नावातच त्याची कथा आहे. ज्या उंदरांत त्याचे जनुक निकामी असते, त्यांच्या गर्भास उल्ब तयार होत नाही आणि ते दहाव्या दिवसाच्या आसपास मरतात. १९९८ मध्ये असे सिद्ध झाले की, हे जनुक गर्भाच्या स्वतःच्या देहात लागत नसून गर्भाबाहेरील ऊतींत लागते. आंतरांगी अंतःस्तराच्या पेशी निरोगी असल्या तर जनुक नसलेला गर्भही पुढे वाढतो. गर्भाची रचना त्याच्या आवरणांवर किती अवलंबून असते, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखविणारा प्रयोग विरळाच.

आता मानवाकडे पाहावे. मानवात क्यूबिलिन किंवा अ‍ॅम्निअनलेस यांच्या जनुकांत दोष असलेली मुले जन्मतात, जगतात आणि लहानपणी त्यांना ब-१२ च्या अभावाचा पांडुरोग व मूत्रावाटे प्रथिने जाण्याचा विकार होतो. १९६० मध्ये इमर्सलुंड व ग्रॅसबेक यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेला हा रोग ब-१२ च्या इंजेक्शनांनी आटोक्यात राहतो. जो दोष उंदराच्या गर्भास दहाव्या दिवशी मारतो, त्याच जनुकातील दोष घेऊन मानवी मूल नऊ महिने पुरे करते. मानवातील काही दोषांत प्रथिनाचा थोडा अंश शिल्लक राहतो, हे त्याचे एक कारण असू शकते; पण दोन जातींतील पीतक कोशांचे महत्त्व सारखे नाही, ही शक्यताही तितकीच विचारार्ह आहे.

अभिव्यक्ती मोजताना घ्यावयाची दक्षता

या विषयातील शोधनिबंध वाचताना, आणि स्वतः प्रयोग आखताना, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी चार गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट ऊतीच्या मालकीची. पीतक कोश आणि वारेचा चक्रव्यूह यांच्या पेशी गर्भाच्या जनुकीय घडणीच्या असतात. त्यांना लागून असलेला गर्भाशयाचा पतनशील स्तर मातेचा असतो. वार सबंध वाटून तिच्यातील आरएनए मोजला, तर माता व गर्भ यांचे संदेश एकत्र मिसळतात. पीतक कोश तुलनेने सहज व स्वच्छ वेगळा करता येतो, म्हणूनच गर्भाचा जनुकप्रकार ठरविण्यासाठी प्रयोगशाळांत बहुधा तोच वापरतात.

दुसरी गोष्ट दिवसाची. मादीच्या योनीत मीलनाची गुठळी दिसते त्या दिवसाची दुपार म्हणजे अर्धा दिवस, असे धरून गणना करतात. एकाच मादीच्या पिलांतही विकासाचे काही तासांचे अंतर असते. मज्जानलिका दीड-दोन दिवसांत मिटते. तेव्हा केवळ ‘मध्य गर्भावस्था’ अशी नोंद निरर्थक ठरते. मज्जाघड्यांशेजारी दिसणाऱ्या देहखंडांची संख्या मोजून वय ठरविणे अधिक विश्वसनीय होय.

तिसरी गोष्ट संदेश व प्रथिन यांतील भेदाची. जनुकाचा आरएनए आढळला म्हणजे प्रथिन तयार झाले असे नाही; प्रथिन आढळले म्हणजे ते योग्य पृष्ठभागावर आहे असेही नाही. मातेकडील पृष्ठभागावरचा ग्राही घेण्याचे काम करील. गर्भाकडील पृष्ठभागावरचा कदाचित सोडण्याचे. म्हणून आरएनए-संकरण, प्रतिपिंडरंजन आणि प्रत्यक्ष ग्रहणाचे मापन यांची सांगड घालावी लागते.

चौथी गोष्ट अनुपस्थितीची. एखादा ग्राही काढून टाकल्यावर काही बिघडले नाही, तर तो निरुपयोगी आहे असा निष्कर्ष घाईचा ठरतो. प्रयोगशाळेतील उंदराच्या खाद्यात जीवनसत्त्वांची रेलचेल असते. सीडी-३२० चे उदाहरण दाखविते त्याप्रमाणे दुसरी वाट उपलब्ध असू शकते, आणि उणिवेच्या आहारात ती अपुरी पडू शकते.

उंदरापासून स्त्रीपर्यंत

मानवी पीतक कोश उंदराहून पुष्कळ निराळा आहे. त्यात जननस्तरांची उलटापालट होत नाही. तो गर्भास वेढत नाही किंवा गर्भाशयाच्या भिंतीस स्पर्शही करीत नाही. गर्भाबाहेरील द्रवाने भरलेल्या पोकळीत तो एखाद्या लहान फुग्यासारखा तरंगतो आणि दहाव्या आठवड्यानंतर क्षीण होतो. या कारणास्तव मानवात तो निव्वळ अवशेष आहे, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. परंतु अलीकडील संशोधनाने ही समजूत बदलली आहे. मातेचे रक्त मानवी वारेच्या अंकुरांमध्ये मुक्तपणे खेळू लागते ते पहिली तिमाही संपत आल्यावर. त्यापूर्वी गर्भाशयाच्या ग्रंथींचे स्राव वारेतून झिरपून त्या पोकळीतील द्रवात येतात, आणि हा द्रव पीतक कोशास चारी बाजूंनी भिडलेला असतो. २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मानव, उंदीर व कोंबडी यांच्या पीतक कोशांतील आरएनएची तुलना प्रसिद्ध केली. तिन्हींत पोषक द्रव्ये धरणाऱ्या, वाहणाऱ्या व पचविणाऱ्या प्रथिनांचे संदेश मोठ्या प्रमाणात समान आढळले. रचना बदलली, स्पर्शाची जागा बदलली, पण अंतःस्तराच्या पेशींचे पुरातन कार्य बरेचसे टिकून राहिले, असा त्याचा अर्थ होतो.

मानवात पुढे वार पूर्ण झाली की मातेच्या रक्तात न्हाणाऱ्या तिच्या बाह्य थरावर फोलेट-ग्राही आल्फा विपुल असतो आणि फोलेटचा मुख्य मार्ग तेथूनच जातो. उंदराच्या वारेत माता व गर्भ यांच्या रक्तांमध्ये पोषपेशींचे तीन थर असतात, मानवात एकच. म्हणून उंदरातून मात्रा उचलून स्त्रीस लावता येत नाही. उंदरापासून शिकावयाचे ते क्रमाचे व यंत्रणेचे ज्ञान : आधी कोश, मग वार, आधी ग्रहण, मग उपयोग, आणि फोलेटबरोबर ब-१२.

या शेवटच्या मुद्द्यास महाराष्ट्रात विशेष महत्त्व आहे. १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींत ब-१२ कमी होते. उलट तांबड्या पेशींतील फोलेट केवळ एकीत कमी आढळले. ज्या मातांत ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत मंद होता. म्हणजे विल्स यांनी मुंबईत पाहिलेली उणीव आणि आजच्या ग्रामीण महाराष्ट्रातील उणीव एकच नव्हे. भाकरी, डाळ व पालेभाजी यांवर चालणाऱ्या घरात फोलेट मिळू शकते. ब-१२ मात्र वनस्पतीत नसते, ते दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच येते.

सातपुड्याच्या पायथ्याशी या प्रश्नास आणखी एक पदर आहे. खानदेशातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. ज्या स्त्रीस हा विकार पूर्ण स्वरूपात असतो, तिच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात आणि नव्या पेशी घडविण्यात तिचे फोलेट सतत खर्ची पडते. अशा स्त्रीच्या शरीरात फोलेटसाठी दोन याचक उभे असतात : तिची स्वतःची अस्थिमज्जा आणि तिचा गर्भ. पीतक कोशावरील ग्राही कितीही कार्यक्षम असला, तरी मातेच्या रक्तात जे नाही ते तो धरू शकत नाही.

समारोप

उपर्युक्त विवेचनाचे सार असे. गर्भाचे पोषण ही एका अवयवाची अखंड कामगिरी नव्हे. ती पीतक कोशाकडून वारेकडे सोपविली जाते, आणि मज्जानलिका मिटण्याचा नाजूक काळ या सोपवणीच्या आधी येतो. त्या काळात फोलेट व ब-१२ या दोहोंचे ग्राही कोशाच्या एकाच अंतःस्तरात शेजारी शेजारी उभे असतात. म्हणूनच गर्भधारणेपूर्वी व पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घेण्याची शिफारस भारताच्या पांडुरोग निवारण कार्यक्रमात केलेली आहे. ही लहान गोळी आणि चौथ्या महिन्यापासूनची लाल गोळी या एकमेकींच्या पर्यायी नाहीत. पहिलीचे काम दुसरी करू शकत नाही. ब-१२ चा विचार तर यांच्या जोडीने स्वतंत्रपणेच करावा लागेल.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करून हे विवेचन आवरते घेणे योग्य होईल. उंदरांवरील प्रयोगास नोंदणीकृत प्राणिगृह व नीतिसमितीची अनुमती लागते, आणि ती सोय तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसते. पण पीतक कोशाच्या अंतःस्तराचा अभ्यास कोंबडीच्या अंड्यातही करता येतो. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावरील प्रायोगिक भ्रूणविज्ञानाची परंपरा निर्माण केली. प्रत्येक पदव्युत्तर वर्गात ३३, ४८ व ७२ तासांच्या गर्भाच्या काचपट्ट्या आजही तयार केल्या जातात. त्या करताना गर्भाभोवतीचा रक्तवाहिन्यांनी विणलेला पिवळा पडदा बहुधा कात्रीने कापून टाकून दिला जातो. तो टाकण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी पाहावा. बलकाचे थेंब पोटात घेऊन बसलेल्या त्याच्या उंच पेशी, आणि मातेच्या गोळीतील फोलेटची वाट पाहणाऱ्या मानवी कोशाच्या पेशी, या एकाच वंशातील आहेत.